वरचा नंबर, खालचा नंबर

लोक आमच्याकडे पिस्तुलाची किंमत विचारायला येतात. मार्लीन मिहालिक किंमत विचारायला आली नव्हती, आणि माझी पंचाईत तिथूनच सुरू झाली.

आमचे ऑक्टोबरातले प्रदर्शन जत्रेच्या मैदानावरच्या गुरांच्या शेडमध्ये भरते. गुरे नसली तरी वास असतोच. मी आणि गस डेंगलर गेली पंचवीस वर्षे तिथे एकाच टेबलावर बसतो. टेबलाची डावी बाजू गसची, तो विकतो. उजवी माझी, मी सांगतो. महायुद्धातून कोणाच्या वडिलांनी, काकांनी आणलेले पिस्तूल समोर आले की ते कुठल्या कारखान्यातले, कुठल्या सालचे, त्यातले किती भाग मूळचे आणि आज त्याचे काय मिळेल, एवढे सांगतो. पैसे घेत नाही. घेतले तर माझे सांगणे बरोबर असायला हवे, आणि तशी खात्री मला आजवर एकदाही वाटलेली नाही. नोकरीभर मी गावच्या वाचनालयात पुस्तकांची कार्डे लिहिली. पिस्तुलांचीही कार्डेच लिहितो. गस मला मास्तर म्हणतो. मी कधी कोणाला काही शिकवलेले नाही.

मार्लीन पन्नाशीची असेल. अंगात इस्पितळाच्या धुलाईखात्याचा निळा कोट होता. तिने बिस्किटांचा जुना डबा टेबलावर ठेवला आणि त्यातून टॉवेलात गुंडाळलेले पिस्तूल काढले. कोणी उडवू नये म्हणून दारावरच्या पोलिसाने त्याला प्लास्टिकची पट्टी आवळून पाठवले होते.

"कितीला द्यायचं, ताई?" गसने विचारले.

"द्यायचं नाहीये. हे कुणाचं आहे, ते विचारायचंय."

"जर्मनांचं. हरले बिचारे. पुढं बोला."

"तुम्हाला नाही विचारत मी. ते कार्डवाले कोण?"

"मास्तर, तुझं गिऱ्हाईक," गस म्हणाला आणि कॉफी प्यायला लागला.

मी पांढरे हातमोजे चढवले. तिने बोलायला सुरुवात केली, पण पिस्तूल हातात असताना मला ऐकू कमी येते, हा माझा जुना दोष आहे. ते काळे, मळलेले, कोणी न घासलेले पिस्तूल होते. घासलेले नव्हते याचाच मला आधी आनंद झाला. लोक आमच्याकडे येण्याच्या आदल्या दिवशी हौसेने पॉलिश करतात आणि निम्मी किंमत चिंधीवर पुसून टाकतात.

या जातीच्या पिस्तुलाचे मोठे भाग दोन. वरचा, जो गोळी सुटली की मागे सरकतो. आणि खालचा, ज्यात मूठ आणि चाप. कारखान्यात दोन्हींवर एकच नंबर ठोकत. दोन्ही नंबर डाव्या अंगाला, एकाखाली एक, न उघडता वाचता येतात. जुळले तर पिस्तूल पूर्ण. न जुळले तर ते दोन पिस्तुलांचे उरलेसुरले, आणि आमच्यातले लोक ते हातात घेऊन लगेच खाली ठेवतात.

वरचा नंबर होता ७७४२. खालचा ३१८६.

मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचले. मग पेटीतून भिंग काढले. आकडे तेच होते.

"जुळत नाहीत, हे सांगणार ना?" मार्लीन म्हणाली. "ते मला ठाऊक आहे. आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावरूनच तर झालं सगळं."

मग तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितले आणि या वेळी मी ऐकले. तिचे वडील स्टीव्ह मिहालिक आणि शेजारचा अँडी बाल्को एकाच तुकडीत होते. एकाच दिवशी, एकाच पुलावर, शरण आलेल्या दोन जर्मन अधिकाऱ्यांकडून दोघांना एकसारखी दोन पिस्तुले मिळाली. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे दोघांना वरिष्ठाच्या सहीचा कागद मिळाला: हा जिन्नस या सैनिकाने शत्रूकडून घेतला, तो त्याला घरी नेऊ द्यावा. स्टीव्हच्या कागदावर नंबर ७७४२. तो कागद मार्लीनने डब्याच्या तळातून काढून दाखवला. दोघे घरी आले, पोलाद कारखान्यात लागले. अठ्ठेचाळीस साली अँडी भट्टीपाशी अपघातात गेला. घरच्यांनी त्याची ट्रंक उघडली. कागद होता, पिस्तूल नव्हते. अँडीचा धाकटा भाऊ, जो बाल्को, म्हणाला, "ते स्टीव्हकडे असेल, बघायला म्हणून नेलं होतं त्यानं."

"मग बाल्कोंकडचे सगळे आमच्या ओसरीवर आले," मार्लीन म्हणाली. "बाबांनी स्वतःचं पिस्तूल आणून दाखवलं. बाबा म्हणाले, हा बघा माझा नंबर. त्यांनी वरचा दाखवला. अँडीच्या आईनं खालचा वाचला. तो तिच्या कागदावरचा होता."

"३१८६," मी म्हणालो.

"हो. त्या दिवसापासून बाल्को आमच्याशी बोलत नाहीत. एकावन्न वर्षं. माझा जन्मही झाला नव्हता. चर्चमध्ये ते डाव्या बाकांवर, आम्ही उजव्या. बाबांना मरेपर्यंत कळलं नाही खालचा नंबर तसा कसा झाला ते. त्यांना वाटायचं, जर्मनांनीच चुकीचा ठोकलाय. फेब्रुवारीत गेले ते. आता तिकडची एकटी ओल्गा राहिलीय, अँडीची बहीण. वृद्धाश्रमात असते. हे तिचं असेल तर मला परत द्यायचंय. आणि नसेल, तर तिला तसं सांगायचंय, ती आहे तोवर. तुम्ही एवढंच सांगा. माझा बाप चोर होता का?"

गसने कॉफीचा पेला खाली ठेवला. तो माझ्याकडे बघत नव्हता. तो माझ्या काचेच्या पेटीकडे बघत होता.

त्या पेटीत गेली पंचवीस वर्षे एक पिस्तूल असते. विकायला नाही. ते माझ्या मूर्खपणाचे स्मारक आहे. १९७४ साली याच शेडमध्ये, नवा असताना, मी ते एका माणसाकडून पंच्याऐंशी डॉलरला पूर्ण जुळते म्हणून घेतले. वरचा नंबर स्वच्छ होता, तोच वाचून मी खूश झालो. खालचा वाचलाच नाही. घरी कार्ड लिहायला बसलो तेव्हा कळले. गसने त्याचे नाव दुतोंड्या ठेवले आणि नवख्या माणसाला दाखवायचे म्हणून ते पेटीत ठेवायला लावले. त्याचे नंबर मला माझ्या जन्मतारखेसारखे पाठ आहेत.

वर ३१८६. खाली ७७४२.

"मास्तर," गस हळू आवाजात म्हणाला, "दुतोंड्याला भाऊ मिळाला रे."

मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवली आणि मार्लीनला दाखवले. तिला एकदम कळले नाही. खरे सांगायचे तर मलाही एकदम कळले नव्हते. मी ते कागदावर चार चौकोन काढून समजावत होतो आणि समजावता समजावता स्वतः समजून घेत होतो. दोन मित्र. एकच घोंगडी. दोघे पिस्तुले उघडून साफ करतात, बोलत असतात, आणि परत जोडताना खालचे भाग अदलाबदल होतात. बाकी काही फरक नाही, दोन्ही तितकीच चालतात. नंबर जुळतात का, हे कोण बघतो? आम्ही बघतो. पण आम्ही तिथे नव्हतो.

"म्हणजे बाबांनी घेतलं नाही," मार्लीन म्हणाली.

"नाही. म्हणजे मला तसं वाटतं."

"वाटतं?"

"त्यांनी मुद्दामही बदलले असतील. आठवण म्हणून. तुझं अर्धं माझ्याकडे, माझं अर्धं तुझ्याकडे. किंवा पिस्तुलं मिळाली तेव्हाच, जर्मनांकडेच बदललेली असतील, आणि कागद करणाऱ्या कारकुनानं दोघांचे खालचेच वाचले असतील. तसं असेल तर..." मी चौकोनांकडे पाहिले. "तसं असेल तर हे अँडीचं होतं."

"मास्तर, गप बस," गस म्हणाला.

पण ती शंका एकदा मनात आली की मला थांबवता येत नाही. सरकारच्या नियमाने पिस्तूल म्हणजे खालचा भाग; वरचा नुसता सुटा जिन्नस. त्या हिशेबाने तिच्या डब्यात अँडीचे पिस्तूल होते आणि माझ्या पेटीत, पंचवीस वर्षे, तिच्या वडिलांचे. मी तेही बोलून गेलो.

"झक्कास," गस म्हणाला. "म्हणजे हिच्याकडे मेलेल्याचं, तुझ्याकडे हिच्या बापाचं, आणि चोर कोण तर तू. ताई, ऐका माझं. दोन मिनिटांचं काम आहे. वरचे भाग अदलाबदल करतो. दोन्ही जुळती होतील. ७७४२वालं तुम्ही घ्या, तुमच्या कागदाशी जुळेल, भांडण खलास. वर दोन्हींची किंमत तिप्पट. शेडमधले निम्मे लोक इथंच रांग लावतील."

"मग मी ओल्गाला काय दाखवू?" मार्लीन म्हणाली. "ती म्हणेल, आता बरं जुळवून आणलंस."

हे खरे होते. जुळवले असते तर पुरावाच गेला असता. गसने खांदे उडवले, पण त्याने पट्टी कापायला काढलेली कात्री परत खिशात घातली.

मग मार्लीनने विचारले, "तुम्हाला हे विकलं कुणी?"

मी पेटीतून कार्ड काढले. माझ्या तेव्हाच्या नीटस अक्षरात लिहिले होते: 'भावाचे होते म्हणाला. नाव सांगितले नाही. घाईत. हाताला एक बोट कमी.'

मार्लीनने ते दोनदा वाचले. तिचा चेहरा बदलला.

"जो बाल्कोचं एक बोट कारखान्यात गेलं होतं."

"आमच्या खोऱ्यात निम्म्या लोकांची बोटं गेली आहेत," मी म्हणालो, आणि तेही खरेच होते.

रविवारी दुपारी आम्ही वृद्धाश्रमात गेलो. मला जायचे नव्हते. पण मार्लीन म्हणाली, "मला ते चौकोन सांगता येणार नाहीत." तिथे पिस्तुले नेता येत नाहीत, म्हणून मी रात्री बसून चारही नंबरांवर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली होती. आकडे पांढरे उमटले होते, अगदी ठोकले तसे. प्रत्येकाच्या बाजूला कोणत्या पिस्तुलाचा कोणता, ते लिहिले होते. ते एकच पान आणि ते कार्ड मी खिशात घेतले.

ओल्गा बाल्को खिडकीशी खुर्चीत बसली होती. लहानखुरी, सत्त्याहत्तर वर्षांची, केस विंचरून घट्ट बांधलेले. तिने मार्लीनकडे पाहिले आणि ओळखले.

"स्टीव्हची पोर तू. नाक त्याचंच आहे."

"तेता ओल्गा," मार्लीन म्हणाली. स्लोव्हाक घरांत मावशी, आत्या, शेजारची काकू, सगळ्यांनाच तेता म्हणतात. पण या घरातल्या कोणी त्या घरातल्या कोणाला एकावन्न वर्षांत तसे म्हटले नव्हते.

"हा कोण? वकील?"

"वाचनालयात होतो मी," मी म्हणालो.

"मग बसा. वकील असता तर उभं ठेवलं असतं."

मी पान तिच्या मांडीवर ठेवले आणि चौकोन समजावले. मला वाटते मी फार वेळ घेतला. मध्येच मी स्वतःच वरचा आणि खालचा यांत घोळ घातला आणि परत मागे गेलो. तिने टेबलाच्या खणातून घडी घातलेला एक पिवळा कागद काढला. अँडीचा. ३१८६. तो तिने पानाशेजारी धरला. मग बोट ठेवत ठेवत चारही आकडे वाचले, ओठ हलवत.

"म्हणजे स्टीव्हच्या पिस्तुलात अँडीचं अर्धं होतं."

"हो."

"आणि दुसरं अर्धं?"

"ते माझ्याकडे आहे. चौऱ्याहत्तर साली मी ते विकत घेतलं. स्टीव्हकडून नाही."

बाहेर कोणीतरी जेवणाची गाडी ढकलत नेली.

"कुणाकडून?"

मी कार्ड दिले. द्यावे की नाही हे मला शेवटपर्यंत ठरवता आले नव्हते. खिशात हात घातला आणि ते बाहेर आले, एवढेच. तिने ते वाचले. एकदाच.

"कुठला हात?"

"काय?"

"बोट कमी होतं म्हणता. कुठल्या हाताचं? आमच्या जोचं डाव्या हाताचं होतं, शेवटून दुसरं."

मी आठवायचा प्रयत्न केला. शेड आठवली, वास आठवला, मी मोजलेले पंच्याऐंशी डॉलर आठवले. समोरच्याचा हात नोटांवर आला होता. एक बोट नव्हते, हे नक्की. कुठल्या हाताचे, ते कार्डावर नव्हते, आणि कार्डावर नसलेले माझ्या डोक्यात राहत नाही.

"मला आठवत नाही," मी म्हणालो. "लिहायला हवं होतं. चुकलं माझं."

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मी खोटे बोलतो आहे का, हे ती बघत असावी. मी बोलत नव्हतो. पण तसे बघितले की मला खरे बोलतानाही खोटे बोलल्यासारखे वाटते आणि माझे कान लाल होतात.

"आठवत नाही तर तो आमचा जो नव्हता," ती म्हणाली आणि कार्ड मला परत दिले. "जो असता तर आठवलं असतं. त्याच्या हातावर गोंदलेलं होतं."

खरेच गोंदलेले होते का, हे मला कळायला मार्ग नव्हता. मार्लीनने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की नाही, हे तिलाही कळत नसावे. ती कोटाचे बटण लावत आणि काढत बसली होती.

"तुझा बाप," ओल्गा खिडकीकडे बघत म्हणाली, "त्या भांडणानंतर आठवड्यानं परत आला होता. एकटा. कागदाच्या पिशवीत ते पिस्तूल घेऊन. म्हणाला, तुमचं असं तुम्हाला वाटत असेल तर ठेवून घ्या. आईनं दार उघडलं नाही. मी पडद्यामागून बघत होते. बराच वेळ उभा होता तो. पाऊस नव्हता, काही नव्हतं, नुसता उभा."

"बाबांनी कधी सांगितलं नाही हे."

"कशाला सांगेल? दार उघडलं नाही हे कोण सांगतं?" ती थांबली. "चोर पिशवी घेऊन परत येत नाही. हे मला तेव्हाच कळलं होतं. पण आई होती. मग आई गेली तर आमचा जो होता. मग जो गेला, तर म्हटलं आता कशाला."

मार्लीन रडायला लागली. आवाज न करता. ओल्गाने तिच्याकडे कागदी रुमालांचे खोके सरकवले, जरा जोरातच.

"रडू नकोस, मला त्रास होतो. तुझी आई ईस्टरला अक्रोड भरलेल्या गोड पावाची वळकटी करायची. ओसरीवर गार करायला ठेवायची, आमच्याकडे वास यायचा. करतेस का तू?"

"करते."

"गुरुवारी आण. इथं कागदासारखा केक देतात. आणि तिच्यासारखी कोरडी करू नकोस. वास चांगला यायचा, पण कोरडी असणार ती, मला दिसायचं."

आम्ही उठलो. मी पेन्सिलीचे पान घ्यायला हात पुढे केला, तर तिने ते अँडीच्या कागदात घडी घालून खणात टाकले होते.

"हे राहू दे. पिस्तुलं तुमच्याकडे ठेवा. मला काय करायचीत? पण ती जुळवू नका."

"का?" मी विचारले. खरे तर विचारायला नको होते.

"त्या दोघांनी जशी केली तशी असू देत. चुकून असो, मुद्दाम असो."

गाडीत मार्लीनने विचारले, "म्हणजे ती म्हणाली ना, की बाबांनी घेतलं नाही?"

"म्हणाली," मी म्हणालो. एवढे मात्र मी शंका न काढता म्हणालो.

पुढच्या महिन्यातल्या प्रदर्शनाला काचेच्या पेटीत दोन पिस्तुले होती, शेजारी शेजारी, दोन्ही न जुळती. मार्लीननेच तिचे आणून ठेवले. घरी डब्यात ठेवायचे नाही म्हणाली. गसने सकाळपासून सहा जणांना हाकलले होते. एकाने दोन्हींचे मिळून तीन हजार देऊ केले. "दोन मिनिटांचं काम आहे हो," तो गसला सांगत होता. "माहितीय," गस म्हणाला. "पुढचं टेबल बघ."

मार्लीन दुपारी येऊन गेली. ओल्गा वळकटी कोरडी झाली म्हणाली, आणि तिने दोन तुकडे खाल्ले. आता दर गुरुवारी जायचे ठरले आहे.

ती गेल्यावर मी ते जुने कार्ड काढून बसलो. आदल्या रात्री मला एकदम तो हात दिसला होता: नोटांवर आलेला, डावा, शेवटून दुसरे बोट नसलेला. गोंदण दिसले नाही. पण बाही खाली ओढलेली होती, असेही वाटले. ते खरोखर आठवले, की ओल्गाने डावा म्हटल्यावर तो हात डावा झाला, हे मला सांगता येत नाही. मी पेन्सिलीला टोक केले. 'हाताला एक बोट कमी' याच्या पुढे थोडी जागा होती.

"काय लिहितोयस, मास्तर?" गसने विचारले.

"काही नाही," मी म्हणालो आणि कार्ड तसेच पेटीत त्याच्या जागी सरकवले.